बागेंतील गवत कापण्याचें ट्रॅक्टरचें यंत्र : टिकाऊ कसें ओळखावें?

संत्र्याच्या बागेंत दोन ओळींमधील जमीन वारंवार नांगरून व वखरून काळी ठेवावी, अशी आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. परंतु संत्र्याचीं अन्न शोषणारीं बारीक मुळें बहुतांशीं वरच्याच थरांत पसरलेलीं असतात. तीं फाळानें तुटतात, आणि उघडी पडलेली माती पहिल्याच मोठ्या सरीबरोबर नाल्यास मिळते. म्हणून अलीकडे पुष्कळ बागाइतदार गवत मुळासकट न काढतां ट्रॅक्टरच्या यंत्रानें कापतात व कापलेलें गवत जागच्या जागीं आच्छादन म्हणून पडूं देतात. ही रीत चांगली आहे. मात्र तीस लागणारें यंत्र विकत घेतांना आपण रंग व किंमत या दोनच गोष्टी पाहतों. आम्हींही तेंच केलें होतें. आम्ही यंत्रशास्त्री नव्हों. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेले व वरुडकडील चार एकर संत्र्याची बाग पाहणारे शेतकरी आहों. पुढील मजकूर हात पोळल्यानंतर लिहिलेला आहे, म्हणूनच तो वाचकांच्या उपयोगीं पडावा अशी आशा आहे.

यंत्रांचे तीन प्रकार

पहिला प्रकार स्लॅशर. यांत मध्यभागीं एक गिअरबॉक्स व त्याखालीं एकच उभा दांडा असतो. दांड्याच्या चकतीस दोन पातीं टांगलेलीं असून तीं आपापल्या बोल्टाभोंवतीं मोकळीं हलतात. दुसरा प्रकार तीन पात्यांचा. यांत गिअरबॉक्सवरून रबरी पट्टा तीन निरनिराळ्या दांड्यांवर फिरतो, पातीं दांड्यांस घट्ट आवळलेलीं असतात, व यंत्र चार लहान चाकांवर चालतें. अमेरिकेंत घराभोंवतींच्या व मैदानांच्या हिरवळीसाठीं हें वापरतात आणि यास 'फिनिश मोअर' म्हणतात. कापणी सतरंजीसारखी एकसारखी होते. परंतु जमीन सपाट, दगडविरहित व गवत वरचेवर कापलें जाणारें पाहिजे. तिसरा प्रकार मल्चर. यांत आडव्या रुळावर अनेक लहान पातीं लोंबत असतात. गवताबरोबर छाटणीच्या काड्याही बारीक करावयाच्या असतील, तर हें उपयोगीं; मात्र ताकद अधिक खातें.

मुरमाड जमिनींत, जेथें गवताखालीं दगड दडलेला असतो, तेथें पहिला प्रकार बरा. गुळगुळीत कापणीच्या मोहानें मुरमांत तीन पात्यांचें यंत्र घालूं नये. घट्ट आवळलेलें पातें दगडावर आदळलें म्हणजे त्याचा धक्का सरळ दांड्यास व बेअरिंगास पोहोंचतो.

सांडवा कोठें आहे तें पहा

ज्या तलावास सांडवा नाहीं तो तलाव आज ना उद्यां फुटतो. मग त्याची पाळ कितीही रुंद असो. गवत कापण्याच्या यंत्राचेंही तसेंच आहे. पातें दगडास लागणार, हें धरूनच चालावें. तो धक्का कोणत्या तरी स्वस्त व सहज बदलतां येण्याजोग्या जागीं बाहेर पडला पाहिजे. नाहींतर तो महागाच्या जागीं, म्हणजे गिअरबॉक्सांत अथवा ट्रॅक्टरांत, बाहेर पडतो. यंत्राचे सांडवे तीन : पहिला, मोकळें हलणारें पातें, दुसरा, पीटीओ शाफ्टवरील शेअर बोल्ट, म्हणजे तुटण्यासाठींच घातलेला नरम बोल्ट, तिसरा, कांहीं यंत्रांस असणारा स्लिप क्लच, जो जादा भार आल्यास घसरतो. टिकाऊपणाची परीक्षा येथून सुरू करावी, पत्र्याच्या जाडीपासून नव्हे.

आमचा अनुभव

तीन वर्षांपूर्वीं आम्हीं सोसायटीच्या कर्जावर एक चार फुटी स्लॅशर घेतला. मागच्या बाजूस साखळ्यांचा पडदा लावून घेतल्यास किंमत वाढत होती, म्हणून तो नाकारला. पहिल्याच दिवशीं शेअर बोल्ट तीन वेळां तुटला. सालदार म्हणाला, "भाऊसाहेब, हा बोल्ट घडोघडी तुटतो. पोलादी घालूं काय?" आम्ही म्हणालों, "घाल." दुसऱ्या दिवशीं धुऱ्याजवळील उंच गवतांत मोजणीचा हद्दीचा दगड होता, त्यावर पातें आदळलें. पोलादी बोल्ट तुटला नाहीं. गिअरबॉक्सचे दाते तुटले. त्याच क्षणीं दगडाची एक कपची मागून उडाली व चाळीस पावलांवर ठिबकच्या नळ्या गोळा करणाऱ्या गड्याच्या नडगीचें हाड मोडून गेली. तो अडीच महिने कामास उभा राहूं शकला नाहीं. त्याच्या औषधपाण्याचा व मजुरीचा खर्च आम्हीं दिला. परंतु त्याचें दुखणें कोणत्याही खर्चानें भरून निघालें नाहीं. आयुष्यभर हद्दींच्या दगडांच्या नोंदी ठेवणाऱ्या आम्हांस स्वतःच्या धुऱ्यावरचा दगड आठवला नाहीं, याची आजही लाज वाटते. दोष यंत्राचा नव्हता. सांडवा आम्हींच बुजविला होता.

घेतांना पहावयाच्या गोष्टी

(१) रुंदी. यंत्र ट्रॅक्टरच्या मागील चाकांच्या बाहेरील मापाइतकें तरी रुंद असावें. नाहींतर चाकाखालीं दबलेलें गवत तसेंच राहतें.

(२) ताकद. स्लॅशरला दर फूट रुंदीस सुमारे ५ अश्वशक्ति पीटीओवर लागते, असा ढोबळ हिशेब आहे. पीटीओवर मिळणारी शक्ति इंजिनच्या शक्तीहून कमी असते. म्हणून २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास चार फुटी यंत्र पुरे. पांच फुटी घेण्याचा हव्यास धरूं नये.

(३) जोडणी. लहान व मध्यम ट्रॅक्टरांच्या पहिल्या श्रेणीच्या तीन-बिंदु जोडणींत खालच्या पिना २२ मिलिमीटर व वरची १९ मिलिमीटर जाडीची असते. आपल्या ट्रॅक्टरचें माप कागदावर लिहून नेऊन दुकानींच ताडून पहावें. पीटीओ शाफ्टच्या दोन नळ्या काम करतांना एकमेकींत किमान एक तृतीयांश तरी गुंतून राहिल्या पाहिजेत.

(४) पत्रा. एक चौरस मीटर पोलादी पत्रा एक मिलिमीटर जाड असल्यास त्याचें वजन ७.८५ किलो भरतें. चार फूट औरसचौरस पत्रा ३ मिलिमीटरचा असल्यास सुमारे ३५ किलो, व ५ मिलिमीटरचा असल्यास सुमारे ५८ किलो होतो. विक्रेता जाडी तोंडीं सांगेल. आपण कॅलिपर लावून मोजावी. रंगाखालीं जोड एकसंध आहे कीं ठिपक्याठिपक्यांनीं डागलेला आहे, हेंही न्याहाळावें.

(५) गिअरबॉक्सचें तळचें सील. गवतांतील सुतळी व ठिबकच्या नळीचे तुकडे दांड्यास गुंडाळले जाऊन सील कापतात, मग तेल गळतें आणि दाते कोरडे फिरतात. सीलाखालीं संरक्षक कडें असलेलें यंत्र पसंत करावें.

(६) सुटे भाग. पातीं, पात्यांचे बोल्ट, सील व शेअर बोल्ट आपल्याच तालुक्याच्या गांवीं मिळतात काय, हें पैसे देण्यापूर्वीं विचारावें. बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेसारख्या सरकारी संस्थेचा चाचणी-अहवाल विक्रेत्यापाशीं असेल, तर तो मागून वाचावा.

किंमतीचा खरा हिशेब

किंमत पावतीवरून न ठरवितां कामाच्या तासावरून ठरवावी. समजा, एक यंत्र ५०,००० रुपयांस मिळालें व २५० तासांत निकामी झालें. तर यंत्राचा खर्च ताशीं २०० रुपये पडला. दुसरें ८०,००० रुपयांचें यंत्र ८०० तास चाललें, तर ताशीं १०० रुपये. हे आंकडे केवळ रीत दाखविण्यासाठीं धरलेले आहेत. प्रत्येकानें आपले आंकडे घालावे. हप्ते फिटण्यापूर्वीं जें यंत्र भंगारांत जातें, तें कितीही स्वस्त असलें तरी महागच होय.

वापरतांना

शेअर बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रतीचाच घालावा, डोक्यावर ८.८ असा आंकडा कोरलेला कठीण बोल्ट हातीं आला म्हणून नरमाच्या जागीं बसवूं नये. स्लिप क्लच पावसाळाभर पडून राहिल्यास त्याच्या तबकड्या गंजून चिकटतात. हंगामापूर्वीं तो सैल करून घसरवून पहावा व मग पुस्तिकेप्रमाणें आवळावा. पीटीओच्या सांध्यांस दर आठ तासांच्या कामानंतर ग्रीस द्यावें. पातीं नेहमीं जोडीनें बदलावीं. एक नवें व एक झिजलेलें असलें म्हणजे यंत्र थरथरतें आणि बेअरिंग जातें. धार लावतांना पातें निळें पडेल इतकें तापवूं नये, त्याचें पाणी उतरतें. तुटलेलें पातें वेल्डिंग करून पुनः कदापि लावूं नये.

याचें कारण साधें आहे. पीटीओ मिनिटास ५४० फेरे फिरतो. गिअरबॉक्सनें ते सुमारे दीडपट, म्हणजे ८१० होतात. चार फुटी यंत्रांत पात्याचें टोक एका फेऱ्यांत सुमारे साडेबारा फूट जातें. म्हणजे त्याचा वेग ताशीं १८० किलोमीटरांहून अधिक झाला. अशा वेगानें सुटलेला पात्याचा तुकडा किंवा दगड माणूस ओळखत नाहीं. म्हणून पुढें व मागें साखळ्यांचा पडदा असल्याशिवाय यंत्र घेऊं नये, काम चालू असतां कोणासही जवळपास उभें राहूं देऊं नये, आणि ट्रॅक्टर बंद करून पातीं पूर्ण थांबल्यावांचून यंत्राखालीं हात घालूं नये. कापणीपूर्वीं बाग एकदां पायीं फिरून पहावी; हद्दीचे दगड, व्हॉल्व्ह व गाडलेले खांब यांवर चुना मारून खुणा कराव्या. एवढ्या कामास एक सकाळ पुरते.

आम्हीं पुढें गिअरबॉक्स बदलला, साखळ्या लाविल्या, आणि नरम बोल्टांची एक पुडी ट्रॅक्टरच्या पेटींत कायमची ठेविली. तेंच यंत्र आज चालू आहे. गेल्या हंगामांत पांच बोल्ट तुटले. प्रत्येक वेळीं सालदारास पांच-दहा मिनिटें खोटी झाली, आणि प्रत्येक वेळीं आम्हांस समाधान वाटलें. असो. यंत्र घेऊं इच्छिणाऱ्या बांधवांनीं विक्रेत्यास पहिला प्रश्न किंमतीचा न विचारतां, "दगड लागला तर यांत काय तुटतें?" हा विचारावा, एवढीच विनंति आहे.