खडकावरचें घर व गृहस्थाश्रमाचा पाया

प्रभु येशूनें आपलें डोंगरावरील प्रवचन एका घराच्या दृष्टांतानें संपविलें, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायापासून सातव्याच्या अखेरपर्यंत हें प्रवचन आहे. राग, शपथा, वैऱ्यांवरील प्रीति, दानधर्म, प्रार्थना, उद्यांची चिंता, ह्या सर्वांविषयीं त्यांत शिकवण आहे. आणि शेवटीं दोन माणसें घरें बांधतात. एक खडकावर बांधतो, दुसरा वाळूवर. पाऊस व पूर येतात. एक घर टिकतें, दुसरें कोसळतें. लूककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत हाच दृष्टांत आला आहे, आणि तेथें शहाण्या मनुष्यानें खोल खणल्याचा विशेष उल्लेख आहे. ह्या दृष्टांताच्या प्रकाशांत ख्रिस्ती जीवनाचा, आणि विशेषतः विवाहाचा, विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शिनोलीकडील मुलांस हा दृष्टांत फोड करून सांगावा लागत नाहीं. आपला मुलूख सह्याद्रीच्या कुशींत, घोड नदीच्या खोऱ्यांत आहे. पश्चिमेस भीमाशंकराकडे पाऊस कसा कोसळतो हें आपण दर वर्षीं पाहतों. काळ्या मातीचा स्वभावहि आपणांस ठाऊक आहे. ती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत आकसते व तिला भेगा पडतात. पिकास ती आईसारखी. पण तिच्यावर नुसती भिंत उभारली तर दोनचार वर्षांतच भिंतीस तडा जातो. म्हणून जाणता गवंडी आधीं चर खणतो, माती काढून टाकतो, आणि मुरूम किंवा खडक लागल्यावांचून पहिला दगड बसवीत नाहीं. मग जोतें, मग भिंत. जवळच डिंभे येथें घोड नदीवर मोठें धरण आहे. अशा धरणाची भिंत उभारण्यापूर्वीं पात्रांतील वाळू व गाळ उपसून भक्कम खडकापर्यंत जावें लागतें. हें सारें काम शेवटीं जमिनीखालीं व पाण्याखालीं झांकून जातें. पाहणारा भिंतीची उंची वाखाणतो. भार मात्र न दिसणाऱ्या भागावर असतो.

आतां दृष्टांताकडे नीट पाहूं. त्यांत तीन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत.

पहिली, पाऊस दोन्ही घरांवर पडला. ख्रिस्ती मनुष्याच्या घरावर वादळ येत नाहीं, असें प्रभूनें कोठेंहि सांगितलेलें नाहीं. आजार, कर्ज, नापिकी, मृत्यु हीं भक्ताच्या दारींहि येतात. दुसरी, दोघांनींहि वचन ऐकलें होतें. म्हणजे येथें एक आस्तिक व दुसरा नास्तिक असा भेद नाहीं. दोघेहि, आजच्या भाषेंत बोलावयाचें तर, उपासनेस येऊन बसणारे आहेत. भेद इतकाच कीं, एकानें ऐकल्याप्रमाणें केलें व दुसऱ्यानें नुसतें ऐकलें. तिसरी, पूर येईपर्यंत दोन्ही घरें सारखींच दिसत होतीं. वाळूवरचें घर कदाचित् अधिक लवकर पुरें झालें असेल, अधिक रंगविलेंहि असेल.

ह्यावरून आमच्या मतें एक गोष्ट स्पष्ट होते. पाया म्हणजे नुसतें नांव, घराणें किंवा विधि नव्हे. पाया म्हणजे ऐकलेलें वचन आचरणांत आणण्याची संवय.

हेंच विवाहास लावून पाहूं. ख्रिस्ती विवाहाचा कायदा आपल्या देशांत १८७२ सालीं झाला. त्याप्रमाणें लग्नाची सूचना द्यावी लागते, साक्षीदार लागतात, नोंदवहींत सह्या होतात. ही व्यवस्था योग्य व आवश्यक आहे. पण नोंदवहींतील सही ही घराच्या सनदेसारखी आहे. सनद हातीं असली म्हणून भिंत उभी राहत नाहीं. वधू व वर दोघेंहि ख्रिस्ती, दोघांचाहि बाप्तिस्मा झालेला, लग्न मंदिरांत लागलेलें. आणि तरीहि वर्षाच्या आंत घरांत अबोला! असें घडतें तेव्हां लोक नशिबास बोल लावतात. खरें पाहतां तेथें चर खणलाच गेलेला नसतो.

ह्या विषयावर महाराष्ट्रांत घडलेलें एक उदाहरण आमच्यापुढें आहे. तें रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक ह्या दांपत्याचें. १८८० च्या सुमारास त्यांचा विवाह झाला तेव्हां लक्ष्मीबाई अवघ्या अकराबारा वर्षांच्या होत्या. टिळक कवि, विद्वान, उदार. पण तापट आणि पैशाच्या बाबतींत अगदीं बेफिकीर. पुढें राजनांदगांव येथें नोकरीनिमित्त जात असतां आगगाडींत एका युरोपियन गृहस्थाची व त्यांची गांठ पडली व त्या गृहस्थानें त्यांस नवा करार दिला. तो वाचतां वाचतां टिळक ज्या भागाशीं येऊन खिळले, तो भाग म्हणजे हेंच डोंगरावरील प्रवचन होय. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथें त्यांच्या गृहस्थाश्रमावर पूर आला. लक्ष्मीबाई कट्टर सोंवळ्याच्या घराण्यांतल्या. पतीनें धर्म सोडला हें ऐकून त्यांच्यावर जणूं आकाश कोसळलें. पतिपत्नींची ताटातूट झाली, व ती कांहीं वर्षें टिकली. त्या काळीं १८६६ चा एक कायदा अंमलांत होता. धर्मांतरामुळें जोडीदारानें त्याग केला असल्यास त्या कायद्यानें नवख्रिस्ती मनुष्यास विवाहबंधनांतून मुक्त होण्याची वाट ठेविली होती. टिळकांनीं ती वाट धरिली नाहीं. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायांत असा उपदेश आहे कीं, विश्वास न ठेवणारी पत्नी एकत्र राहण्यास राजी असेल तर पतीनें तिला टाकूं नये. टिळकांचें वर्तन ह्या उपदेशास धरूनच होतें.

पुढें लक्ष्मीबाई पतीजवळ राहावयास आल्या. पण आपलें सोंवळें त्यांनीं सोडलें नाहीं. एका संसारांत दोन धर्म अशी ती स्थिति. पतीच्या आज्ञेनें किंवा लाजेकाजेस्तव त्यांनीं बाप्तिस्मा घेतला असता, तर जगास एक ख्रिस्ती कुटुंब दिसलें असतें. पण तें वाळूवरचें असतें. तसें झालें नाहीं. त्यांनीं स्वतःच्या मनांत खणावयास आरंभ केला. जातिभेद ईश्वरानें निर्माण केला कीं मनुष्यानें, हा प्रश्न त्यांनीं स्वतःशींच घातला आणि उत्तर मिळाल्यावर आधीं आचरण बदललें: कोणाच्याहि हातचें अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. मग १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पांच वर्षांनीं, आपल्या पायांनीं चालत, त्या त्याच खडकावर येऊन उभ्या राहिल्या.

ह्यानंतर त्यांचा संसार निर्वेध झाला असें नव्हे. लक्ष्मीबाईंचें ‘स्मृतिचित्रें’ हें आत्मचरित्र १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालें. त्यांत टिळकांचा राग, घरांतली ओढाताण, हातीं आलेला पैसा दुसऱ्यास देऊन टाकण्याची त्यांची रीत, हें सारें मोकळेपणानें व विनोदानें सांगितलेलें आहे. भांडणें झालीं, पण घर मोडलें नाहीं. त्याच ओढग्रस्तीच्या घरांत अनाथ मुलांस आसरा मिळाला. १९१९ मध्यें टिळक निवर्तले, तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें काव्य अपुरें राहिलें होतें. ज्या लक्ष्मीबाईंस लग्नाच्या वेळीं लिहितांवाचतां येत नव्हतें, त्यांनींच तें काव्य पुढें लिहून पुरें केलें. दोन बांधणाऱ्यांपैकीं एक गेला, तरी बांधकाम थांबलें नाहीं. कारण पाया दोघांचा होता.

ह्या चरित्रापासून आम्हांस हा बोध होतो कीं, पति हा पत्नीचा खडक नव्हे आणि पत्नी ही पतीचा खडक नव्हे. दोघेंहि माणसेंच, तापट, दुबळीं, चुकणारीं. जो आपल्या जीवनाचा सारा भार दुसऱ्या माणसावर टाकतो, तो त्या माणसासहि चिरडतो व आपणहि पडतो. दोघांनींहि आपापला चर आपण खणावा. खडक मात्र एकच असावा, व तो ख्रिस्त होय.

विद्यार्थिमित्रहो, विवाह तुम्हांपासून पुष्कळ दूर आहे असें तुम्हांस वाटेल. पण पायाचें काम आजच चाललें आहे. शेजारच्या मुलानें चूक केली असतां तुम्ही ती मनांत ठेवतां कीं सोडून देतां? परीक्षेंत कोणी पाहत नसतां तुम्ही कसे वागतां? बहिणीच्या वांट्याचें काम तुम्ही आपलें समजतां कां? जो मुलगा आज क्षमा मागावयास शिकत नाहीं, त्यास ती लग्नाच्या दिवशीं आपोआप येणार नाहीं. रोज थोडें शास्त्र वाचा, आणि वाचलेल्यांपैकीं एक तरी गोष्ट त्याच दिवशीं करा.

पालकहो, आपणांशींहि दोन शब्द बोलावयाचे आहेत. सोयरीक जुळवितांना आपण नोकरी विचारतों, शेती विचारतों, घर पाहतों. तें विचारूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मुलगा रागावला असतां कसा वागतो, मुलगी संकटांत धीर कोठून घेते, पैशाचा व्यवहार दोघांचा सरळ आहे कीं नाहीं, एकमेकांजवळ बसून प्रार्थना करावयास त्यांस संकोच तर वाटणार नाहीं, हें कोण विचारतें? हुंड्याच्या बोलाचालीवर जें घर उभें राहतें, त्याच्या पायांत पहिला दगड लोभाचा पडतो. आणि मुलांस कुटुंबोपासनेची गोडी लावावयाची तर ती आईबापांच्या वर्तनांतूनच लागते. सायंकाळीं प्रार्थना आणि प्रार्थना संपतांच शिवीगाळ, हें मुलें पाहतात व त्यावरून धर्माची किंमत ठरवितात.

गवंडी भिंत चढवितांना वरचेवर ओळंबा सोडून पाहतो. भिंत एका थरांत रेसभर कलली तर ती तेव्हांच सांवरतां येते. छपरापर्यंत गेल्यावर सांवरत नाहीं. पतिपत्नींनींहि रोज निजण्यापूर्वीं आपल्या दिवसास प्रभूच्या वचनाचा ओळंबा लावावा, कललें असेल तें त्याच रात्रीं एकमेकांस सांगून सरळ करावें, आणि मग दिवा मालवावा. जें कुटुंब हें नित्य करील, त्याच्या दारीं पूर येईल तेव्हां तें भ्यालें तरी कोसळणार नाहीं. आपल्या सर्वांच्या घरांस देव असा पाया देवो, हीच आमची प्रार्थना.