सायंकाळी सहाचे काम रात्री साडेअकराला का?

प्रश्न : वाशीम, कारंजा, रिसोड बाजार समित्यांतले सोयाबीनचे दर रोज सायंकाळी सहाला सभासदांना आपोआप जावेत म्हणून आमच्या शेतकरी गटाने भाड्याच्या सर्व्हरवर क्रॉन जॉब लावला. संदेश रात्री साडेअकराला जातात. क्रॉन बिघडला का? – एक वाचक, वाशीम जिल्हा

उत्तर : नाही. क्रॉन आपल्या यंत्राचे घड्याळ तंतोतंत पाळतो आहे. बिघाड असता तर उशीर रोज वेगळा दिसला असता. तुमचा रोज नेमका साडेपाच तासांचा आहे. भारतीय वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असते आणि भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर चालतात. म्हणून क्रॉनच्या ओळीत मिनिटांच्या पहिल्या घरात ३० आणि तासांच्या दुसऱ्या घरात १२ लिहा. पुढच्या तिन्ही घरांत तारका राहू द्या.

सर्व्हरचीच वेळ भारतीय का करू नये, असे कोणी विचारेल. करता येते, पण मग त्यावरची इतर कामेही सरकतील. शिवाय आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे एकदा मांडलेला हिशेब वर्षभर टिकतो. वार मात्र जपा : सोमवारी पहाटे तीनचे काम यूटीसीत रविवारी रात्री साडेनऊचे होते. दर पाठवण्याचे काम गटाच्या कार्यालयातल्या संगणकावर हलवू नका. वीज गेल्यावर राहिलेले काम साधा क्रॉन नंतर भरून काढत नाही. आधी सर्व्हरवर ‘डेट’ ही आज्ञा देऊन वेळ पाहा, मगच ओळ बदला.