लाइफ राफ्ट : दोरी आणि पहिली काही मिनिटे

जहाज बुडू लागल्यावर माणसांचे प्राण ज्या हवा भरलेल्या तराफ्यावर अवलंबून असतात, त्याला दर्यावर्दी लाइफ राफ्ट म्हणतात. एरवी तो घडी करून फायबरच्या बंद डब्यात ठेवलेला असतो. डब्यातील सिलिंडरमध्ये दाबाखाली कार्बन डायऑक्साइड व थोडा नायट्रोजन भरलेला असतो आणि पेंटर नावाची लांब दोरी पूर्ण बाहेर ओढून तिला जोराचा हिसका दिला की सिलिंडरचे तोंड उघडून राफ्ट साधारण एका मिनिटात फुगतो. फुगवण्याचे काम वायू करतो. माणसाच्या हाती राहते ते आधीचे दोरीचे आणि नंतरच्या पहिल्या काही मिनिटांचे काम, आणि घात होतो तो बहुधा तिथेच.

प्रस्तुत लेखकाने एका व्यापारी जहाजावर उमेदवारीच्या काळात हा घात होताना पाहिला आहे. डेकला रंग देताना सोडलेले पेंटरचे टोक पुन्हा बांधले गेले की नाही, हे कोणीच पाहिले नव्हते. लेखकही त्याच डेकवर होता आणि त्यानेही पाहिले नव्हते. सरावाच्या दिवशी दोघा खलाशांनी डबा कठड्यावरून पाण्यात लोटला, त्याच्यामागोमाग दोरी सरसरत निघून गेली आणि तो पांढरा डबा मिटलेलाच वाऱ्याबरोबर दूर वाहत गेला. बंदराच्या शांत पाण्यात लाँच पाठवून तो परत आणता आला. भर समुद्रात तो परत आला नसता.

म्हणून डब्याला हात लावण्यापूर्वी पेंटर जहाजाला पक्की बांधलेली आहे, हे डोळ्यांनी नव्हे तर हाताने ओढून पाहावे. मात्र डबा नेहमीच्या जागी ठेवलेला असताना ही गाठ थेट डेकला मारू नये. जहाज अचानक बुडाले तर सुमारे ४ मीटर खोलीच्या आत पाण्याच्या दाबाने डब्याचा पट्टा आपोआप सोडणारे हायड्रोस्टॅटिक रिलीज नावाचे उपकरण असते. पेंटर त्याच्या वीक लिंकला, म्हणजे ठरावीक ताण आल्यावर तुटणाऱ्या दुव्याला, जोडलेली असेल तरच फुगलेला राफ्ट जहाजापासून सुटतो, अन्यथा जहाज त्याला स्वतःबरोबर तळाशी ओढते.

डबा शक्यतो वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला आणि खाली पाण्यात कोणी नाही हे पाहूनच टाकावा. राफ्ट फुगल्यावर काही वेळ मोठा फुसफुस आवाज येतो; तो जादा वायू सोडणाऱ्या झडपेचा असतो, राफ्ट फाटल्याचा नव्हे, त्यामुळे घाबरून त्या झडपेत कापड कोंबू नये. राफ्ट उलटा फुगला तर सिलिंडरची बाजू वाऱ्याच्या आडोशाला येईल असा तो फिरवावा, सिलिंडरवर उभे राहून तळाचा पट्टा धरावा आणि मागे झुकावे, म्हणजे वाराच तो सुलटा करण्यास मदत करतो. चढताना बूट, चाकू, पट्ट्याचे बक्कल यांनी रबर फाटणार नाही, याची काळजी घ्यावी; आणि जमेल तर अंग कोरडे ठेवूनच चढावे, कारण ओल्या अंगाची ऊब झपाट्याने निघून जाते.

सर्व जण आत आले की चार कामे क्रमाने करावीत : आत ठेवलेल्या चाकूने पेंटर कापून जहाजापासून दूर व्हावे, राफ्टचे वाहणे मंदावणारा व तो उलटू न देणारा कापडी सी-अँकर पाण्यात सोडावा, दारे बंद करावीत, आणि पाणी उपसणे, तळ कोरडा ठेवणे, सैल पडलेले कप्पे भात्याने भरणे ही देखभाल चालू ठेवावी. दारे मात्र अधूनमधून उघडून हवा खेळती ठेवावी, कारण आत झिरपलेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी, नेमका निजलेल्या माणसांच्या नाकाशी, साचतो.

एवढे सारे करूनही राफ्टच जीर्ण असेल तर उपयोग नाही. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा निवासी बार्ज बुडाला, तेव्हा त्यावर २६१ माणसे होती. त्यांतून वाचलेल्यांनी कित्येक राफ्ट फाटके निघाल्याचे सांगितले होते. राफ्टची मान्यताप्राप्त केंद्रात साधारणतः दर १२ महिन्यांनी तपासणी करण्याचा नियम आहे तो यासाठीच. डब्यावरील तपासणीची तारीख वाचणे आणि पेंटरची गाठ हाताने ओढून पाहणे यांस दोन मिनिटेही लागत नाहीत. नव्या जहाजावर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कप्तान असो वा उमेदवार, पहिल्याच दिवशी ती द्यावीत.