डोक्याची खाज आणि मी

मला डोक्याला खाज सुटते ती कोंड्यामुळे. डॉक्टरी नाव सेबोऱ्हिक डर्मटायटिस. हा त्रास कायमचा जात नाही, पण रोजच्या औषधाशिवायही आटोक्यात राहतो. इतक्या वर्षांत मला उमगलं ते असं:

१. आधी खाज कशाची ते ओळखा. कानामागे, मानेवर लिखा असतील तर उवा. जाड, चंदेरी पापुद्रे केसांची हद्द ओलांडून कपाळावर उतरले तर सोरायसिसची शंका घ्यावी. केस रंगवल्यावर एक-दोन दिवसांत कान, कपाळ खाजू लागलं तर डायमधल्या पीपीडीची ॲलर्जी असू शकते.

२. टाळूला तेल थापू नका. ‘डोकं कोरडं पडलंय, तेल घाल’ हे घरोघरी ऐकू येतं. पण कोंड्यामागची मॅलॅसेझिया ही बुरशी तेलकटपणावरच पोसते. त्यातून सुटणारं ओलेइक ॲसिड कातडीला चुरचुरतं. आईचं मन राखायला मी केसांच्या टोकांना तेवढं खोबरेल लावते.

३. औषधी शाम्पू मुदतीपुरता. २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू साधारणपणे आठवड्यातून दोनदा, २ ते ४ आठवडे वापरतात. पुढे लागलाच तर एक-दोन आठवड्यांतून एकदा. तो केसांना नव्हे, कातडीला चोळायचा आणि ३ ते ५ मिनिटं ठेवून मग धुवायचा. घाईघाईत धुतला तर पैसे मोरीत.

४. स्टेरॉइडच्या लोशनने खाज झटकन थांबते, म्हणूनच ते जपून वापरावं. डॉक्टर सांगतील तितकेच दिवस. मनानेच चालू ठेवलं तर कातडी पातळ होते.

५. लिंबू सरबतात बरं. खाजवून सोललेल्या टाळूवर त्याचा आंबट रस नुसती आग करतो.

६. ओले केस बांधून वर हेल्मेट चढवू नका. आत सुती रुमाल बांधा आणि तो रोज धुवा.

७. नखं बारीक कापा. खाजवल्याने खाज वाढतेच. अगदी असह्य झालं तर गार पाण्यात पिळलेला पंचा डोक्यावर ठेवा.

८. पू आला, केस पुंजक्याने गळू लागले किंवा महिनाभर शाम्पू वापरूनही फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

९. थंडीत, जागरणांत, ताणात खाज परत येतेच. म्हणून आधीचा उपाय वाया गेला असं नाही. थोडे दिवस शाम्पू पुन्हा सुरू करायचा आणि आराम पडला की थांबायचं. सुरू करणं सगळ्यांना जमतं. वेळेवर थांबणं शिकावं लागतं.