डोक्याचा हिशेब

सत्तावीस वर्षं मी बँकेच्या कॅश काउंटरवर काढली. एका संध्याकाळी माझी कॅश 30,000 रुपयांनी कमी भरली.

सीसीटीव्ही पाहिल्यावर उलगडा झाला. एका व्यापाऱ्याला 70,000 द्यायचे होते. 500 चं एक पॅकेट, 200 चं एक. मी दोन्ही 500 चीच सरकवली होती. 200 ची नोट पिवळीधमक, 500 ची राखाडी. चुकायला जागाच नाही! पण डोळे नोटांवर आणि डोकं भलतीकडेच: आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मुलीची फी, विम्याचं टार्गेट, साहेबांचा रात्री साडेअकराचा मेसेज.

माणूस भला. दुसऱ्या दिवशी पॅकेट घेऊन स्वतः आला. "काका, तब्येत बरी आहे ना?" एवढंच म्हणाला. पैसे मिळाले, पण तो प्रश्न सलत राहिला. त्या संध्याकाळपर्यंत रोकड जुळल्याशिवाय मी कधी घरी गेलो नव्हतो, डोक्याचा हिशेब मात्र वर्षानुवर्षं तसाच उघडा टाकून झोपत होतो.

मग मुलीची एक जुनी वही घेतली. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहायची आणि प्रत्येकापुढे पहिलं पाऊल. 'आईचं ऑपरेशन' असं लिहून काही होत नाही. 'सकाळी 10 ला डॉक्टरांना फोन' असं लिहिलं की ते काम होतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या एका छोट्या प्रयोगात, झोपताना राहिलेली कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली होती. मला फरक जाणवायला दोन आठवडे लागले.

काउंटरवर दुसरी सवय लावली. एक ग्राहक गेला की पुढचं व्हाउचर उचलण्याआधी एक श्वास सावकाश सोडायचा, घेतला त्याहून लांब. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. मागे रांग असली तरी एवढा वेळ मिळतोच.

चारनंतरचा चहा सोडला. यात सर्वांत जास्त त्रास झाला, खोटं कशाला बोलू! पण चहातल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनंतरही अंगात असतं, हे कळल्यावर रात्री छताकडे बघत पडण्याचं एक कारण सापडलं. फोनही उशाखालून काढून हॉलमध्ये चार्जिंगला लावला.

एक चूक तुम्ही करू नका. मी तीन महिने कुणाला काही बोललो नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, कशातच मन रमेना, तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 चोवीस तास, मोफत आहे. मराठीतही बोलता येतं. जगणं नकोसं वाटू लागलं, तर त्याच क्षणी फोन करा.

आणि जे आज सुटतच नाही? बँकेत ज्या नोंदीचा मेळ लागत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. ती पुसली जात नाही, पण तिच्यापायी दिवसाचं कामकाज अडत नाही. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर तसंच एक खातं आहे. दर रविवारी सकाळी ते उघडतो. 'आई पुन्हा चालेल का?' ही नोंद तिथे चार महिने होती.