विजेचा दाब

गोवंडीत पाण्याची गोष्ट कोणाला सांगायला नको. टाकी उंचावर असली की नळाला जोर येतो. टाकी न् नळ एकाच पातळीत असले, तर टाकी भरलेली असूनही पाणी येत नाही. म्हणजे पाणी वाहते ते पातळीतल्या फरकामुळे. शाळेत आम्ही मुलांना वीज समजावताना याच टाकीपासून सुरुवात करीत असू.

विजेचेही तसेच आहे. दोन ठिकाणच्या विजेच्या पातळीत फरक असला, तरच ती वाहते. या फरकाला विजेचा दाब किंवा व्होल्टेज म्हणतात. तो व्होल्ट या मापाने मोजतात. इटलीचे शास्त्रज्ञ व्होल्टा यांनी १८०० साली बॅटरी तयार केली. त्यांच्याच नावावरून हे नाव पडले.

हातातल्या बॅटरीच्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट. आणि गोवंडी स्टेशनात लोकलच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्ट! १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, तेव्हा तारेत १,५०० व्होल्ट होते. हार्बर मार्गावर २०१६ साली ते २५,००० झाले. दाब वाढवला की तेवढ्याच कामाला प्रवाह कमी लागतो. तार कमी तापते, वीज कमी वाया जाते.

आता सांगा, उघड्या तारेवर बसलेला कावळा मरत का नाही? त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. दोन पायांत दाबाचा फरक जवळजवळ नसतो. माणसाचे पाय मात्र जमिनीवर असतात. त्याने तार धरली, की तार आणि जमीन यांतला सगळा दाब त्याच्या अंगावर येतो.

२५,००० व्होल्टच्या तारेला तर हात लावायचीही गरज नाही. नुसते जवळ गेले तरी ठिणगी हवेतून उडी घेते. म्हणून गाडीच्या टपावर चढू नये. तारेत अडकलेला पतंग काठीने काढू नये. पोरांना हे आजच सांगा.

घरातला दाबही जीव घेतो. कोणी विजेला चिकटले, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा.

प्रश्न : १) वीज कशामुळे वाहते? २) तारेवरचा कावळा का वाचतो?