भिंत आणि तिची माती

झारखंडमधल्या हजारीबागच्या सोहराई आणि खोवर या भित्तिचित्रांचा अभ्यास करते आहे. मुंडा, उरांव, गंझू, कुर्मी अशा अनेक समाजांतल्या बायका ती काढतात. त्यांच्या उत्तर कर्णपुरा खोऱ्याखाली दगडी कोळसा आहे. तिथं फिरताना शिकले ते असं:

१. आधी माती विचारावी, मग चित्र. खोवर लग्नघरासाठी असतं. भिंतीला काळ्या मातीचा हात देतात, तो वाळला की पांढऱ्या मातीचा. पांढरा ओला असतानाच कंगव्यानं ओरखडतात आणि खालची काळी रेघ उमटते. दिवाळीच्या सुमाराला, गुरांच्या सणाला येणाऱ्या सोहराईत गेरू आणि पिवळी मातीही लागते. कुठली माती कुठल्या ओढ्याकाठी मिळते, हे सासू सुनेला सोबत नेऊन दाखवते. उघड्या खाणीत कोळशाआधी हीच वरची माती खरवडून ढिगाऱ्यावर टाकतात. खाणीच्या हिशोबात ती अडगळ. या घरांचे सगळे रंग तिच्यात आहेत.

२. फोटो काढला म्हणजे कला वाचली असं नाही. पावसानं चित्र धुपतं, पुढच्या सणाला बाई पुन्हा सारवते, पुन्हा काढते. त्यासाठी मातीची भिंत हवी. पुनर्वसनाच्या सिमेंटच्या घरात ती कुठून आणायची?

३. संशोधन गावाच्या कामी यावं. अभ्यासक बुलू इमाम यांनी १९९१ मध्ये बडकागावजवळच्या इस्को इथली शैलचित्रं जगापुढे आणली आणि त्यांतल्या आकृतींचं भिंतींवरच्या चित्रांशी असलेलं नातं दाखवलं. मग याच बायकांची कागदावरची चित्रं परदेशातल्या प्रदर्शनांत गेली आणि खोऱ्यातल्या खाणींचा प्रश्नही तिकडे पोचला. असं काम मला फार मोलाचं वाटतं.

४. २०२० मध्ये या चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. पण मानांकन नावाला संरक्षण देतं, जमिनीला नाही.

५. ओढ्याकाठच्या जागा बायकांना ठाऊक. जमिनीच्या मोबदल्याची बोलणी होतात ती मात्र पुरुषांशी. म्हणून आता प्रत्येक चित्राच्या नोंदीत मातीची जागाही लिहिते. त्या जागांचा नकाशा करून गावात देते. खाणीच्या पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी होते, तिथं मांडलेल्या हरकती कार्यवृत्तात नोंदवाव्या लागतात. तो नकाशा तिथं मी मांडू नये. ज्या बाईनं जागा दाखवल्या, तिनं मांडावा, आणि ‘ही आमची माती’ हे तिच्या नावानिशी कागदावर यावं.